गृहतापनासाठी लाकडी पेलेटची भट्टी : निवडीचा विचार

ऑस्ट्रियाच्या उत्तर भागात, लिंत्स शहराच्या परिसरातील खेड्यांतून, १९६० ते १९८० या काळात बांधलेली घरे पुष्कळ आहेत. वर दोन मजले, खाली तळघर. तळघराच्या एका खोलीत खनिज तेलावर चालणारा बॉयलर आणि शेजारच्या खोलीत तेलाची टाकी, अशी त्यांपैकी अनेकांची रचना असते. हा बॉयलर जुना झाला, दुरुस्तीला महाग पडू लागला, की त्याच्या जागी काय आणावयाचे हा प्रश्न घरमालकापुढे उभा राहतो. आणि लाकूड कापण्याच्या गिरण्या जेथे जवळपास आहेत त्या प्रदेशात या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून लाकडी पेलेटवर चालणाऱ्या भट्टीचे नाव हमखास पुढे येते. वीस-पंचवीस वर्षांसाठी करावयाची ही निवड असते. ती चुकली तर घरमालकाला दर हिवाळ्यात तिचे व्याज भरावे लागते; आणि चूक पुष्कळदा यंत्राची नसून यंत्र घेण्यापूर्वी करावयाच्या हिशेबाची असते. म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वी इंधन आणि घर या दोहोंची ओळख करून घेणे इष्ट होय.

येथे ‘बॉयलर’ या शब्दाने कारखान्यातील वाफेचे यंत्र समजावयाचे नाही. या बॉयलरात वाफ होतच नाही. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते, पंपाच्या साहाय्याने खोलीखोलीतील रेडिएटरांतून किंवा जमिनीखालच्या नळ्यांतून फिरते आणि थंड होऊन परत येते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत आंघोळीच्या पाण्यासाठी जो तांब्याचा बंब असे, त्याचेच हे मोठे व शिस्तबद्ध भावंड म्हटले तरी चालेल. मधोमध धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राख ही मांडणी दोहोंत सारखीच आहे. फरक एवढाच, की बंबात ढलपी घालणाऱ्याची नजर जे काम करी ते येथे मळसूत्र, पंखा आणि प्राणवायू मोजणारा संवेदक यांच्याकडे सोपविलेले असते.

हे शक्य होण्याचे कारण इंधनाचा एकजिनसीपणा. ओंडका किंवा ढलपी ही आकाराने, ओलाव्याने आणि जातीने दरवेळी निराळी असते. तिच्यावर स्वयंचलित यंत्र चालविणे कठीण. पेलेट तयार करताना लाकूड गिरणीतला भुसा आणि रंध्याचा भुगा प्रथम वाळवितात, बारीक करतात, आणि मग पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाखाली बाहेर काढतात. सोऱ्यातून शेव पडावी तसा हा प्रकार आहे. मात्र येथे दाबामुळे व घर्षणामुळे माल इतका तापतो की लाकडातील लिग्निन मऊ होऊन तेच डिंकाचे काम करते आणि थंड झाल्यावर गोटीसारखा कठीण, गुळगुळीत तुकडा मिळतो. घरगुती उपयोगाचा पेलेट ६ मिलिमीटर, क्वचित ८ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याची लांबी ४० मिलिमीटरांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे.

या नियमांची संहिता म्हणजे आयएसओ १७२२५ या मानकाचा दुसरा भाग. तो २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये सुधारला गेला. त्यातील ‘ए-१’ ही प्रत घरगुती बॉयलरसाठी योग्य समजली जाते. तिच्यात ओलावा १० टक्क्यांहून अधिक नसावा, राख ०.७ टक्क्यांहून अधिक नसावी, आणि निव्वळ ज्वलनोष्मा किलोमागे निदान ४.६ किलोवॅट-तास असावा, अशा अटी आहेत. प्रत्यक्षात चांगल्या पेलेटपासून सुमारे ४.८ किलोवॅट-तास मिळतात. तेलाच्या एका लिटरपासून सुमारे १० किलोवॅट-तास मिळत असल्यामुळे २ किलो पेलेट म्हणजे १ लिटर तेल, हा ढोबळ हिशेब सोयीचा पडतो. एका घनमीटरात ६५० किलोंच्या आसपास पेलेट मावतात. ओलाव्याची अट नाममात्र नव्हे. ओला पेलेट फुगतो, त्याचा भुगा होतो, आणि भुगा मळसूत्रात दाटला की यंत्र बंद पडते.

पेलेटचा इतिहास फार लांब नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या वायव्येकडील लाकूडप्रधान राज्यांत या इंधनाला चालना मिळाली. स्वीडनमध्ये मोरा या गावी १९८२ मध्ये पहिला कारखाना निघाला. परंतु स्वस्त तेलापुढे टिकाव न लागल्याने तो काही वर्षांतच बंद पडला. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर कर बसविल्यानंतर तेथे, आणि १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियात, या इंधनाला खरा जम बसला.

पेलेट जाळण्याची घरगुती साधने तीन प्रकारची आहेत. पहिली शेगडी. ती बैठकीच्या खोलीतच ठेवतात. पोटातल्या पेटीत १५–२० किलो पेलेट भरतात आणि ती पंख्याने खोलीत गरम हवा सोडते. इटलीत तिचाच प्रसार विशेष आहे आणि तेथे १५ किलोंच्या पिशव्यांतून इंधन विकले जाते. दुसरी हवेची भट्टी. अमेरिकेतील पुष्कळ घरांत पाण्याच्या नळ्यांऐवजी पत्र्याच्या हवानलिका असतात. त्यांतून गरम हवा ढकलणारी भट्टी तेथे उपयोगी पडते. तिसरा, पाण्याचा बॉयलर. या तिहींतून निवड करणे वस्तुतः अवघड नाही, कारण ती घरात आधीच असलेल्या नळ्या किंवा नलिका करून ठेवतात. रेडिएटर असलेल्या घरात हवेची भट्टी बसविण्याचा खटाटोप कोणी करू नये. लहान, चांगले झाकलेले आणि मोकळ्या मांडणीचे घर असेल तर मात्र एका शेगडीवर भागू शकते, आणि हा स्वस्त पर्याय विक्रेता क्वचितच सुचवितो.

खरा प्रश्न बॉयलरच्या क्षमतेचा. तो सोडविण्याची सर्वांत सोपी व सर्वांत चुकीची रीत म्हणजे जुन्या बॉयलरवरील पट्टी वाचून तितक्याच किलोवॅटचा नवा मागविणे. तेलाचे जुने बॉयलर सढळ हाताने बसविलेले असत. २५ किंवा ३० किलोवॅटचा बॉयलर अशा घरात सहज सापडतो. घराची गरज त्यावरून नव्हे, तर जळलेल्या तेलावरून काढावयास हवी.

समजा, एखाद्या घरात वर्षाला ३००० लिटर तेल लागते. त्यातील उष्णता ३०,००० किलोवॅट-तास. जुन्या बॉयलरची वार्षिक कार्यक्षमता ८० टक्के धरली तर घरात प्रत्यक्ष पोहोचलेली उष्णता २४,००० किलोवॅट-तास होते. मध्य युरोपच्या हवामानात, गरजेइतक्याच क्षमतेचा बॉयलर वर्षात सुमारे १९०० तास पूर्ण भाराने चालविला तर जितकी उष्णता देईल तितकी घराला पुरते, असा अनुभव आहे. २४,००० ला १९०० ने भागता १२.६ येतात. म्हणजे घराला १३ किलोवॅटचा बॉयलर पुरेसा आहे, २५ चा नव्हे.

हा आकडाही कमाल मागणीचा आहे, हे विसरू नये. घरात २० अंश आणि बाहेर उणे १२ अंश अशा रात्री तापमानातील फरक ३२ अंशांचा असतो आणि तेव्हाच १२–१३ किलोवॅट लागतात. बाहेर ४ अंश असतील तर फरक १६ अंशांवर येतो आणि मागणी निम्मी होते. ऑक्टोबर किंवा एप्रिलमध्ये बाहेर १२ अंश असले तर ती पाव, म्हणजे ३ किलोवॅटांच्या आसपास राहते. खिडक्यांतून ऊन आत येत असेल तर त्याहूनही कमी. आता पेलेटचा बॉयलर आपली ज्योत सामान्यतः क्षमतेच्या ३० टक्क्यांपर्यंतच मंद करू शकतो. १३ किलोवॅटचा बॉयलर ४ किलोवॅटांपर्यंत खाली येईल आणि हंगामाचा बहुतेक काळ सलग जळत राहील. २५ किलोवॅटचा ७.५ किलोवॅटांच्या खाली जाऊ शकणार नाही; तो पेटेल, पाणी तापवील, विझेल आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटेल. तेलाच्या ज्योतीला असे पेटणे-विझणे फारसे जाचत नाही, कारण ती क्षणात पूर्ण जोर धरते. पेलेटची गोष्ट निराळी. विजेच्या तापकाने किंवा गरम हवेच्या झोताने पहिले पेलेट पेटविण्यास कित्येक मिनिटे लागतात, भट्टीची भिंत तापेपर्यंत ज्वलन अपुरे राहते आणि याच काळात सर्वाधिक धूर, कार्बन मोनॉक्साइड व काजळी बाहेर पडते. विझतानाही जाळीवरचा निखारा धुमसत राहतो. मोठा बॉयलर ‘असू द्यावा, कमी पडायला नको’ म्हणून घेणारा गृहस्थ अशा रीतीने जास्त किंमत देऊन जास्त इंधन, जास्त काजळी आणि पेटविण्याच्या भागाची लवकर झीज विकत घेतो.

या दोषावर उतारा म्हणून गरम पाण्याची साठवण-टाकी बसवितात. जर्मनीच्या नियमाप्रमाणे स्वयंचलित बॉयलरला किलोवॅटमागे २० लिटर टाकी लागते. १३ किलोवॅटला ४०० लिटरची टाकी घेतली आणि तीत ३० अंशांची चढउतार होऊ दिली, तर सुमारे १४ किलोवॅट-तास उष्णता मावते. म्हणजे बॉयलरला निदान तासभर पूर्ण भाराने जळता येते. टाकी उपयुक्त आहे. परंतु अवाढव्य बॉयलरचे पाप ती धुऊन काढीत नाही, कारण तिच्या भिंतींतूनही उष्णता तळघरात झिरपतच असते.

क्षमता ठरविण्यापूर्वी आणखी एक विचार क्रमाने आधी यावयास हवा. माळ्यावरची जमीन उष्णतारोधक थराने झाकली, जुन्या खिडक्या बदलल्या, तर याच घराची कमाल मागणी १३ वरून ८ किंवा ९ किलोवॅटांवर येऊ शकते. हे काम बॉयलरनंतर केले तर आज योग्य असलेला बॉयलर उद्या मोठा ठरतो. पैसा एकदम हाताशी नसतो, जुना बॉयलर नेमका जानेवारीत बंद पडतो, आणि म्हणून प्रत्यक्षात क्रम नेहमी उलटा लागतो. परंतु निदान पुढची पाच वर्षे घराचे काय करावयाचे आहे हे ठरवून मगच क्षमतेचा आकडा लिहावा.

आता यंत्राच्या आत. पेलेट जाळीपर्यंत नेण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत मळसूत्र त्यांना खालून वर ढकलते, दुसरीत बाजूने सरकविते, तिसरीत ते वरून नळीतून जाळीवर पडतात. वरून पडणाऱ्या रचनेत साठा आणि ज्योत यांच्यामध्ये मोकळी जागा राहते, हा फायदा. पडण्याने निखारा विस्कटतो व थोडी राख उडते, हा तोटा. खालून ढकलण्याच्या रचनेत निखारा शांत असतो. पण इंधन आणि निखारा एकमेकांना चिकटून असल्याने यंत्र थांबल्यावर आग मळसूत्रातून मागे सरकण्याचा धोका अधिक. म्हणून सर्वच रचनांत निदान एक अडसर असतो. कोठे फिरते झडपचक्र, कोठे तापमान वाढताच आपोआप पाणी सोडणारी तोटी. विक्रेत्याला विचारावयाचा पहिला तांत्रिक प्रश्न हाच, की वीज अचानक गेली तर आग मागे येण्यापासून काय रोखते. वीज गेल्यावर बॉयलर बंद पडतो, ही गोष्टही गृहीत धरली पाहिजे. पंखा, मळसूत्र आणि पाण्याचा पंप ही तिन्ही विजेवर अवलंबून आहेत.

हवा दोन टप्प्यांत दिली जाते. जाळीखालून येणारी पहिली हवा लाकडातील वायू बाहेर काढण्यापुरतीच असते. वरच्या कक्षात मिळणारी दुसरी हवा त्या वायूंचे पूर्ण ज्वलन करते. धुराड्याच्या तोंडाशी बसविलेला संवेदक उरलेला प्राणवायू मोजतो आणि त्यानुसार पंख्याची गती बदलते. पेलेटची प्रत थोडी बदलली तरी ज्वलन बिघडू न देणे हे या संवेदकाचे काम आहे. त्यासाठी चार पैसे जास्त द्यावे लागले तर ते वाया जात नाहीत.

राखेबद्दल मोठ्या गैरसमजुती आहेत. ६ टन पेलेटमागे वर्षाकाठी ३०–४० किलो राख होते. ती काही आठवड्यांनी एकदा पेटी काढून टाकणे एवढेच काम. अडचण राखेच्या वजनाची नसून तिच्या वितळण्याची आहे. सालीच्या, गवताच्या किंवा पेंढ्याच्या मिश्रणात पोटॅशियम व सिलिका अधिक असते, त्यामुळे राख कमी तापमानालाच मऊ होऊन जाळीवर तिचे खंगर जमतात, हवेची छिद्रे बुजतात आणि यंत्र आपोआप थांबते. ‘ए-१’ प्रतीच्या पेलेटची राख १२०० अंशांपर्यंत आकार बदलू नये, अशी अट मानकात आहे ती याचसाठी. स्वस्त म्हणून घेतलेल्या शेतमालाच्या पेलेटवर लाकडी पेलेटचा बॉयलर चालविणे म्हणजे बचतीच्या नावाखाली जाळी खरवडण्याचा कायमचा उद्योग पत्करणे होय.

कार्यक्षमतेच्या आकड्यांत अभ्यासू वाचकालाही सहज फसता येते. युरोपीय पत्रकात ९० किंवा ९२ टक्के लिहिलेले असते, अमेरिकन पत्रकात तशाच यंत्राला ८३ किंवा ८५. यंत्र निराळे नसते, भाजक निराळा असतो. लाकडात सुमारे ६ टक्के हायड्रोजन आहे. तो जळून झालेले पाणी आणि मूळचा ओलावा हे दोन्ही वाफेच्या रूपाने धुराड्यातून निघून जातात. या वाफेतील उष्णता इंधनाच्या खात्यावर धरली तर स्थूल ज्वलनोष्मा मिळतो, वगळली तर निव्वळ. ८ टक्के ओलाव्याच्या लाकडाचा स्थूल ज्वलनोष्मा किलोमागे सुमारे १८.६ मेगाज्यूल आणि निव्वळ १७.२, दोहोंचे प्रमाण ०.९२५ येते. युरोप निव्वळ आकड्याने भागतो, अमेरिका बहुधा स्थूल आकड्याने. म्हणून तेथील ९० म्हणजे येथील ८३. धुरातील वाफ थंड करून तिची उष्णताही परत घेणारे बॉयलर आता मिळतात आणि त्यांची ‘निव्वळ’ कार्यक्षमता १०० च्या वर छापलेली दिसते. त्यात ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाचा भंग नाही. परंतु परत येणारे पाणी बरेच थंड, ४० अंशांच्या खाली, असेल तरच त्यांचा पुरा लाभ मिळतो. जमिनीखालच्या नळ्या असलेल्या घराला ते योग्य. ६५ अंशांचे पाणी मागणाऱ्या जुन्या रेडिएटरांच्या घरात जास्तीची किंमत देऊन हाती फारसे लागत नाही.

कोणताही छापील आकडा प्रयोगशाळेतील स्थिर भाराचा असतो, ही दुसरी सावधगिरी. वर्षभराच्या पेटण्या-विझण्यासह हिशेब केला तर ८५ टक्के धरणे शहाणपणाचे. त्या आधारे वरच्या घराचे इंधन काढता येते. २४,००० भागिले ०.८५ भागिले ४.८, म्हणजे सुमारे ५९०० किलो. ६ टनांना थोडे कमी. जागा ९ घनमीटर. कोठाराचा तळ मध्यभागाकडे उतरता करावा लागतो, वरही मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे खोलीच्या आकारमानाचा दोन-तृतीयांश भागच उपयोगी पडतो. म्हणजे खोली साडेतेरा घनमीटरांची हवी. २ मीटर रुंद, ३ मीटर लांब आणि २.३ मीटर उंच. तेलाच्या टाकीची रिकामी झालेली खोली बहुधा याच मापाची निघते, आणि हे इंधन अशा घरांत सोयीचे पडण्याचे ते एक अगदी साधे कारण आहे.

पेलेट टाकीच्या मोटारीतून येतात आणि हवेच्या जोराने नळीवाटे कोठारात फुंकले जातात. मोटार आणि कोठार यांत ३० मीटरांहून अधिक अंतर असू नये. नळी लांब व वाकडी असली तर पेलेट आपटून त्यांचा भुगा होतो. नळीच्या तोंडासमोरच्या भिंतीवर रबराची जाड चादर टांगतात तीही याच कारणासाठी. भिंतीला ओल असेल तर खोलीचा नाद सोडून कापडी कोठी घ्यावी.

कोठाराविषयीची सर्वांत गंभीर बाब मात्र ओल किंवा भुगा ही नव्हे. लाकडात, विशेषतः पाइनच्या लाकडात, असंतृप्त मेदाम्ले असतात. ताज्या पेलेटमध्ये ती हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात आणि या मंद क्रियेतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. ज्योत नाही, धूर नाही, वास नाही; आणि हा वायू हवेइतकाच जड असल्याने तळाशी बसत नाही की वर जात नाही, सर्व खोलीभर पसरतो. बंद जागेत प्राणवायूही त्याच वेळी घटतो. २००६ च्या नोव्हेंबरात स्वीडनमधील हेल्सिंगबोरी बंदरात पेलेट घेऊन आलेल्या जहाजाच्या मालकोठीलगतच्या जिन्यात उतरलेला एक खलाशी यामुळेच मृत्यू पावला. २०१० मध्ये जर्मनीत आणि २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अनेक घरांना मिळून उष्णता पुरविणाऱ्या मोठ्या कोठारांत प्रत्येकी एक मृत्यू झाला. ही कोठारे घरगुती कोठारापेक्षा कितीतरी मोठी होती, हे खरे. परंतु विषारी प्रमाण गाठण्यास कोठार मोठेच असावे लागते असे नाही. माल ताजा, जागा गरम आणि हवा कोंडलेली असली म्हणजे पुरते. यास्तव कोठाराला बाहेर उघडणारी वायुछिद्रे असलीच पाहिजेत, भरण्यापूर्वी बॉयलर बंद केला पाहिजे, नवा माल भरल्यानंतर पहिले काही आठवडे आत जाण्याचे टाळावे, आणि केव्हाही जाणे भागच पडले तर आधी दार उघडे ठेवून वारा खेळू द्यावा, बाहेर दुसरा मनुष्य उभा करावा. निवडीच्या वेळी विक्रेत्याने कोठाराच्या वायुवीजनाचा विषय आपण होऊन काढला नाही, तर त्या विक्रेत्याविषयी शंका घ्यावयास तेवढे कारण पुरेसे आहे.

धुराचा प्रश्न याहून सौम्य, पण शेजाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा. उघड्या चुलीच्या किंवा जुन्या लाकडी शेगडीच्या धुरात काजळी आणि डांबरासारखे सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. पेलेटचे ज्वलन पूर्ण झाले की उरणारी सूक्ष्म धूळ प्रामुख्याने पोटॅशियमच्या क्षारांची असते. म्हणून दोहोंचे केवळ वजन तोलून भागत नाही. तरीही ही धूळ शून्य नाही. तेल किंवा वायूच्या बॉयलरपेक्षा ती जास्तच आहे. जर्मनीत १ जानेवारी २०१५ नंतर बसविलेल्या बॉयलरला घनमीटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२० पासून स्वयंचलित बॉयलरला घातलेली मर्यादा ४० मिलिग्रॅमची आहे. पहिली धुरातील १३ टक्के प्राणवायूच्या आधारे मोजली जाते, दुसरी १० टक्क्यांच्या. एकाच पायावर आणल्यास जर्मनीचे २० हे सुमारे २७.५ होतात. दोन्ही नियम कडक-सौम्य आहेत खरे, पण दुप्पट-निमपट नव्हेत.

इंधनाचा भाव हा या निवडीतील सर्वांत बेभरवशाचा भाग. टनाला २४० युरो असा भाव असेल तर किलोवॅट-तासाला ५ सेंट पडतात; ७२० युरो असेल तर १५. हे दोन्ही आकडे काल्पनिक नाहीत. जर्मनीत २०२१ मध्ये सरासरी भाव २४० युरोंच्या आसपास होता, आणि २०२२ च्या उन्हाळ्याअखेर तो ७०० च्या वर गेला. त्या वर्षी युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन लाकडाची आयात बंद केली, वायूच्या टंचाईच्या भीतीने लोकांनी शेगड्या घेतल्या आणि सर्वांनी एकदमच कोठारे भरली. २००६ मध्येही ऑस्ट्रियात असाच भडका उडाला होता. दुसऱ्या वर्षी तेथील नव्या बॉयलरांची विक्री निम्म्याहून खाली घसरली. दोन्ही वेळा भाव पुढे उतरले. तथापि पेलेट हा गिरणीचा उपपदार्थ आहे, भुशाचा पुरवठा इमारती लाकडाच्या मागणीवर ठरतो, आणि भाव चढला म्हणून भुसा अधिक निघत नाही, ही या बाजाराची अंगभूत दुर्बलता होय. वर्षभराचा माल मावेल एवढे कोठार आणि उन्हाळ्यात खरेदी, हे दोन उपाय घरमालकाच्या हाती आहेत.

या दुर्बलतेचा दाखला महाराष्ट्रातही मिळतो. २००६ च्या सुमारास, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रावर आधारलेली आणि शेतातील टाकाऊ मालाच्या पेलेटवर चालणारी पंख्याची चूल महाराष्ट्र, कर्नाटक व तामिळनाडूत विकली गेली. चार लाखांच्या आसपास चुली खपल्या. चुलीत दोष काढण्यासारखे फारसे नव्हते. परंतु कारखान्यांकडूनही त्याच टाकाऊ मालाला मागणी आली, पेलेट महागले, आणि बहुसंख्य घरांतून त्या चुलीचा वापर थांबला. यंत्र आणि इंधन यांपैकी एकाचाच विचार केल्यास काय होते, हे यावरून दिसते.

राहिला कार्बनचा वाद. पेलेट हे ‘कार्बनशून्य’ इंधन आहे हे जाहिरातीतील वाक्य जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही. धुराड्याच्या तोंडाशी मोजले तर लाकडातून टेराज्यूलमागे सुमारे ११२ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेलातून ७४, नैसर्गिक वायूतून ५६. लाकडाची बाजू धुराड्यापाशी सिद्ध होत नाही, ती जंगलात सिद्ध व्हावी लागते. भुसा हा फळ्या कापताना निघणारच होता. तो जाळला नसता तर काही वर्षांत कुजून किंवा अन्यत्र जळून तितकाच कार्बन हवेत गेला असता. अशा भुशाच्या पेलेटविषयी दावा बराचसा खरा आहे. उभे झाड केवळ पेलेटसाठी तोडले तर त्याची भरपाई नव्या झाडाच्या वाढीने होण्यास दशके लागतात. यॉर्कशायरमधील ड्रॅक्सचे वीजकेंद्र २०१३ पासून टप्प्याटप्प्याने कोळशावरून पेलेटवर आले; त्याचा बराचसा माल अटलांटिकपलीकडून येतो. अशा बाष्पशक्तीच्या केंद्रात इंधनातील उष्णतेपैकी ४० टक्क्यांच्या आसपासच भाग विजेत उतरतो. त्याविषयी जी टीका होते ती लिंत्सजवळच्या तळघराला जशीच्या तशी लागू करणे अन्यायाचे. पण तळघराच्या मालकानेही पेलेट कोठून येतात हे विचारण्यात काही वावगे नाही.

वरच्या घराला पर्याय नाही असेही नव्हे. उष्णता-पंप विजेच्या एका भागातून सुमारे तीन भाग उष्णता देतो, त्याला कोठार लागत नाही की राख काढावी लागत नाही. घर नीट झाकलेले असेल आणि ३५–४० अंशांच्या पाण्यावर भागत असेल तर बहुधा त्याचीच सरशी होईल. जाड दगडी भिंती, लहान रेडिएटर, कडक थंडी, रिकामे होणारे तळघर आणि तासाभराच्या अंतरावर लाकूड गिरणी, अशा ठिकाणी पेलेटचा बॉयलर आपली जागा कमावतो. तेथेही मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी एकदा धुराडेवाल्याला बोलवावे लागते. ऑस्ट्रिया व जर्मनीत धुराडी साफ करणारा हा कारागीर कायद्याने अधिकार दिलेला तपासनीस असतो. नव्या बॉयलरचा धूर तुलनेने थंड असल्याने जुन्या विटांच्या धुराड्यात वाफ निथळून भिंतीवर डाग उमटतात. तेव्हा आत गंजरोधी पोलादाची नळी सोडावी लागेल की नाही, याचा निर्णय त्याने दिल्यावरच खर्चाचा अंदाज पुरा होतो.